डोळे मिटून एक मिनिट

१

शेडमध्ये चार माग होते. त्यातला एक चालू, उरलेले तीन भंगारवाल्याने अर्धवट खोललेले. दिवे तीन. पंखे दोन, पण आवाज नको म्हणून सकाळपासून बंद. दारं तीन: रस्त्याकडचं शटर, ऑफिसचं काचेचं दार आणि मागच्या बोळात उघडणारं पत्र्याचं दार. कॅमेरा एक. माईक दोन, एक लांब काठीवरचा बूम आणि दुसरा कॉलरला लावायचा, बटणाएवढा. माणसं जेवणाच्या वेळेपर्यंत सहा होती, आता पाच. सहाव्याला, मागावर बसणाऱ्या मल्लेशमला, शेजारच्या शेडमधल्या कामगाराने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं.

कॅमेऱ्यात मेमरी कार्ड एकच होतं. आता तेही नव्हतं.

सिद्धेश्वरीने सगळं दोनदा मोजलं. अक्कलकोटची ही मुलगी फिजिक्सची पदवी घेऊन ध्वनिमुद्रणात आली होती, आणि मोजल्याशिवाय तिला कशाचाच भरवसा वाटत नसे. कॅमेऱ्याचं झाकण उघडं होतं. आत जिथे कार्ड बसतं ती खाच रिकामी होती.

घडलं ते असं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतली ही शेड आठवड्याभरात मोकळी व्हायची होती. दिग्दर्शक शिवराजने ती एका दिवसापुरती मागून घेतली होती. त्याचा सिनेमा म्हणजे खिशात नाही आणा अशा थाटाचा. माग चालवायला नट परवडेना म्हणून मागावरचा मल्लेशमच कॅमेऱ्यासमोर बसवला होता. सिनेमातल्या त्याच्या बायकोच्या कामात महानंदाताई होत्या, नाटकात हयात घालवलेल्या. शॉट चालू असताना मागाची लय बिघडली. मल्लेशमने माग थांबवायच्या दांड्याला हात घातला, मग का कोण जाणे, काढून घेतला. पुढच्या फेरीत धोटा उडाला. मागावर इकडून तिकडे धावणारा, टोकांना पोलाद बसवलेला तो लाकडी ठोकळा त्याच्या डाव्या डोळ्याखाली बसला.

रिक्षा गेली तरी फरशीवरचं रक्त तसंच होतं. अशात शिवराज म्हणाला, टोन घेऊन टाकू.

रिकाम्या जागेलाही स्वतःचा आवाज असतो. संकलनात दोन शॉटांमधली भोकं बुजवायला तो लागतो, म्हणून प्रसंग संपला की मिनिटभर सगळ्यांनी जागच्या जागी गप्प उभं राहायचं आणि ती शांतता मुद्रित करायची. शिवराजच्या युनिटमध्ये त्यात आणखी एक शिरस्ता होता. सगळ्यांनी डोळे मिटायचे. नजरानजर झाली की कुणीतरी हसतं, असं तो म्हणे.

मिनिट संपलं, डोळे उघडले, आणि कॅमेरामन सयाजी कॅमेऱ्याकडे पाहून खच्चून शिवी हासडता झाला.

शिवराजने आवाज चढवला नाही. त्याने जॅकेटची बटणं लावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतपतच बोलला.

"त्या मिनिटात डोळे उघडे असलेलं माणूस एकच होतं. रेकॉर्डिंगच्या मशीनवर बसलेलं."

चौघांनी सिद्धेश्वरीकडे पाहिलं.

२

झडती झाली. पर्स, खिसे, बॅगा, जेवणाचे डबे, काहीच सोडलं नाही. महानंदाताईंनी सिद्धेश्वरीला ऑफिसमध्ये नेऊन तपासलं, आणि ते करताना त्यांनी तिच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही. कार्ड कुणाकडेच निघालं नाही.

सिद्धेश्वरीने सांगून पाहिलं, की माझी पाठ सगळ्यांकडे होती, माझे डोळे मशीनच्या काट्यांवर होते. कुणी ऐकून घेतलं नाही. शिवराजचं म्हणणं, तिला मुंबईच्या कुठल्या मोठ्या कामाला जायचं होतं आणि त्याने सोडलं नव्हतं, त्याचा हा डूख. सयाजी तर म्हणाला की आवाजवाली माणसं पहिल्यापासून कॅमेऱ्याला पाण्यात पाहतात.

तेवढ्यात दवाखान्यातून मल्लेशमच्या बायकोचा फोन आला. शेडचे मालक गुरुबसप्पा यांनी तो स्पीकरवर टाकला, कारण त्यांना आजकाल एका कानाने कमी ऐकू येई. डॉक्टर डोळ्याची खात्री देत नव्हते. मल्लेशम शुद्धीवर होता आणि एकच वाक्य घोकत होता.

"मी बंद करायलाच हात घातलता म्हणतेत ते. सायबानं हात हलवून चालू ठेव म्हटलं, म्हणून काढला म्हणतेत."

शिवराज फोनवर वाकला. त्याने अगदी मऊ सुरात सांगितलं, की वहिनी, मी थांब म्हणून हात केला होता. त्याने पाहिलं नाही. शॉटच्या तंद्रीत होता तो.

"तसाच हाय त्यो," गुरुबसप्पा मागून म्हणाले. "धुंदीत काम करतोय. मी किती येळा बोललोय त्याला."

फोन बंद झाला. संध्याकाळी हवालदार जबाब घ्यायला येणार होता, असं दवाखान्यातून आधीच कळलं होतं. दिग्दर्शक आणि मालक, दोघांचा जबाब एकच झाला तर मल्लेशमचा डोळाही गेला, कामही गेलं आणि वर दोषही त्याचाच.

शॉट चालू असताना कुणी तोंडाने बोलत नाही, सगळं हाताने चालतं. त्यामुळे सिद्धेश्वरीच्या मशीनमध्ये मागाची खडखड होती, पण शिवराजच्या हाताने काय सांगितलं ते त्यात असणं शक्य नव्हतं. ते पाहिलं असेल तर फक्त कॅमेऱ्याने.

तिच्या मनात पहिल्यांदा प्रश्न उलटा झाला. कार्ड कुणाला हवं होतं, असं सगळे विचारत होते. ते कुणाला नको होतं?

३

हवालदार यायला अवकाश होता आणि गुरुबसप्पांनी शटरला आतून कुलूप घालून चावी कनवटीला लावली होती. कार्ड सापडेपर्यंत कुणी हलायचं नाही, नाहीतर उद्या माझ्या शेडचं नाव चोरांत येईल, हे त्यांचं ठाम मत. पत्र्याखाली भट्टी पेटली होती. सिद्धेश्वरी एकेकाला गाठत गेली, आणि एकेकाने तिच्यावर तोंडसुख घेतलं.

गुरुबसप्पा ऑफिसच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. तिने कन्नडमध्ये सुरुवात केली, म्हणजे जरा नरमतील म्हणून. ते मराठीतच बोलले, कन्नड आलं ते फक्त तंगी, म्हणजे धाकटी बहीण, एवढंच.

"कन्नड बोलून गोडी लावू नको, तंगी. तुमी लोकांनी सकाळपासनं माझ्या शेडीचा तमाशा केलाय. शिनेमात मालक राक्षस, मजूर देव. वाचलंय मी ते सगळं."

तिने मागाबद्दल विचारलं. लय का बिघडली? ते बराच वेळ धोतराच्या सोग्याने मान पुसत राहिले. मग कबूल झाले, की धोट्याला ठोकणारा चामड्याचा तुकडा झिजला होता. माग भंगारात जायचा, नवीन कशाला घालायचा, असा हिशोब केला होता.

"हे हवालदाराला सांगाल?"

"तू सांग की. तुझ्याकडं कार्ड हाय म्हणत्यात."

सयाजी कॅमेरा पुसत बसला होता. तो नातेपुत्याचा, तोंडाने फटकळ. कार्ड मी कशाला काढीन, दिवसभर घाम गाळला तो काय फेकून द्यायला का, असं त्याने आधीच सुनावलं. मग तिने न विचारताच तो बोलत सुटला. अपघात झाल्यावर धोटा कसा उडाला ते पाहावं म्हणून त्याने शॉट मागे घेऊन लावला होता. छोट्या पडद्यावर महानंदाताईंचा चेहरा आणि त्यांच्या पाठीमागे ऑफिसची काच.

"काचेत आपली सगळी पलटण दिसत हुती. बूमची काठी, शिवा, सगळं. कोण काय करतंय ते न्हाय बघितलं. म्हटलं, शॉट बाद की ह्यो. शिवाला बोललो तसं. तर म्हणतो, ऱ्हाऊ दे, आधी टोन घे."

"त्याने पडदा पाहिला?"

"पाहिला न्हाय. म्या सांगितलं ते ऐकलं. तुला काय करायचंय पण?"

महानंदाताई शटरपाशी लोखंडी पेटीवर बसल्या होत्या. त्यांचे गुडघे धरलेले. सकाळपासून त्याच जागेवरून त्यांना उठवायला दोन माणसं लागत होती. सिद्धेश्वरी समोर उभी राहिली तरी त्यांनी वर पाहिलं नाही. नाटकात असताना असली चोरटी माणसं लगेच ओळखता यायची, आता सिनेमावाल्यांत सगळीच सारखी दिसतात, एवढं बोलून घेतलं. पण डोळे मिटले होते तेव्हा काही जाणवलं का, या प्रश्नावर त्या थबकल्या.

"गरम झळ आली तोंडावर," त्या म्हणाल्या. "तव्यावरनं यावी तशी. मला वाटलं, चक्कर येतेय. मग गेली."

शेडमध्ये पंखे बंद होते. शटर बंद होतं. वारा यायला कुठूनतरी वाट हवी.

आणि चालता चालता सिद्धेश्वरीला दुसरी एक गोष्ट खुपली. गेल्या अकरा दिवसांच्या चित्रीकरणात टोनसाठी दरवेळी तीच हातापाया पडायची. शिवराज घड्याळ दाखवायचा, नंतर कुठूनतरी डकव म्हणायचा. आज फरशीवर माणसाचं रक्त असताना त्याने आपणहून शांतता मागितली होती.

४

तिने हेडफोन लावले आणि ते मिनिट ऐकलं.

सुरुवातीला शेडची शांतता, म्हणजे पत्र्याची बारीक कुरकुर आणि भिंतीपलीकडून शेजारच्या टॉवेलच्या मागांची दबलेली खडखड. पावलांचा आवाज कुठेच नाही. सकाळीच गुरुबसप्पांनी सगळ्यांना चपला बाहेर काढायला लावल्या होत्या, मागापुढे चपला चालत नाहीत म्हणून. अनवाणी माणूस फरशीवर मांजरासारखा चालू शकतो. मग एका जागी शेजारची खडखड हलकेच मोठी झाली. थोडा वेळ मोठी राहिली. पुन्हा दबली.

चालणाऱ्याने आवाज केला नव्हता. पण दार उघडल्यावर बाहेरचा आवाज आत आला, त्याला तो काय करणार?

ती उठून मागच्या पत्र्याच्या दाराकडे गेली. कडी आतून होती, तेल घातल्यासारखी सरकत होती. बोळात रंगकामाच्या शेडींचं पाणी वाहून नेणारी गटार होती, जांभळ्या गढूळ पाण्याने भरलेली. तिने काठी घातली. पाठोपाठ तिघे पुरुष आले. तिसऱ्यांदा काठी फिरवल्यावर गाळाबरोबर कार्ड वर आलं.

सयाजीने ते पुसलं, सुकवलं, लॅपटॉपला लावलं. लॅपटॉपने ते ओळखलं नाही. पुन्हा पुसलं, पुन्हा लावलं. मग त्याने ते टेबलावर ठेवलं आणि लांब जाऊन बसला.

"म्हणजे चोरी नव्हती," शिवराज म्हणाला. त्याचा सूर आता जवळजवळ दिलाशाचा होता. "कुणीतरी फेकलं. दार कुणाचं, कडी कुणाची, झिजलेला माग कुणाचा? मालकांना विचारा."

सिद्धेश्वरीने त्या चामड्याच्या तुकड्याबद्दल कुणालाच सांगितलं नव्हतं. पण आवाज न करता कान देणं हे तिलाच येत होतं असं थोडंच. गुरुबसप्पा खुर्चीवरून उठले. दोघांमध्ये सयाजी आला नसता तर त्या दिवशी दवाखान्यात आणखी एक रिक्षा गेली असती. मालक म्हणत होते, मोहोळचा पोरगा, पुण्यात चार दिवस राहिला म्हणून आमाला शिकवतोय. शिवराज म्हणत होता, हवालदारासमोर बोला.

सिद्धेश्वरी मशीनपाशी परतली. तिला एक गोष्ट तपासायची होती, आणि ती तपासताना तिला स्वतःचीच एक चूक सापडली.

टोन बूमवर घेतात. कॉलरच्या माईकचा त्यात उपयोग नसतो, म्हणून त्याची वाट, म्हणजे चॅनेल, मशीनवर बंद करायची असते. हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पण मल्लेशमचं डोकं मांडीवर घेऊन बसल्यावर रक्ताच्या हातांनी ती परत आली होती आणि तिने ती वाट बंद केलीच नव्हती. मिनिटभर दोन्ही माईक चालू होते.

पडद्यावर दोन रेघा होत्या. बूमची रेघ दार उघडलं तिथे थोडी फुगली होती. दुसरी रेघ पाहून तिने हेडफोन काढून ठेवले.

५

"मल्लेशमच्या कॉलरचा माईक कुणी काढला?" तिने विचारलं.

सगळ्यांनी पाहिलं होतं. शिवराजनेच. मल्लेशमला उचलताना वायर अडकत होती, तेव्हा त्याने माईक आणि त्याचा आवाज बिनतारी मशीनकडे पाठवणारी काडेपेटीएवढी डबी सोडवून घेतली होती.

"मग कुठे ठेवलात, सर?"

"कॅमेऱ्याच्या खोक्यावर. आताही तिथेच आहे."

"टोनच्या आधी, का नंतर?"

"आधी. लगेच. सिद्धी, माईक हरवलेला नाहीये."

"मधे कुणी उचलला असेल का?"

शिवराज हसला. "कोण उचलणार? मीच ठेवला, खोक्यावरच्या फडक्यावर. डोळे उघडले तेव्हा तिथेच होता, फडक्यावर, जसा ठेवला तसा. त्यानंतर तूच जाऊन पाहिलास."

"नक्की?"

"लिहून देऊ का?"

तिने मान हलवली आणि मग सगळ्यांना जवळ बोलावलं. ती काय सांगते ते आधी गुरुबसप्पांना नीट कळेना, म्हणून तिने दोनदा सांगितलं. आवाज किती वाढला हे डेसिबलमध्ये मोजतात. त्या मिनिटात दार उघडल्यावर शेडच्या मध्यावरच्या बूमवर आवाज चार डेसिबलने वाढला. बूम अजून तिथेच आहे, मशीनच्या खुंट्यांना तिने हात लावलेला नाही. खोकं बूमच्या पायाशीच आहे. पण कॉलरच्या माईकवर त्याच वेळी आवाज सतरा डेसिबलने वाढला.

"मग?" महानंदाताईंनी विचारलं.

"खोकं जिथे आहे तिथे ठेवलेल्या माईकला दार उघडल्यावर एवढं ऐकू येत असेल, तर सरांचं खरं. येत नसेल, तर माईक दारापाशी गेला होता. माईकला पाय नाहीत, आणि तो सरांशिवाय कुणी उचलला नाही हे त्यांनीच सांगितलंय."

सयाजीने शिवराजकडे पाहिलं आणि नजर काढली नाही.

शिवराजने पहिल्यांदा आवाज चढवला. ही काय प्रयोगशाळा आहे का, त्या माईकवर खसखसही असेल, वाऱ्याने फडकं हललं असेल, असल्या आकड्यांवर कुणी माणसाला चोर ठरवतं का. सिद्धेश्वरीने कबूल केलं की खसखस आहे. कापड घासल्यासारखी आहे. ती फडक्याची की खिशाची, हे तिला कानाने सांगता येणार नाही. म्हणूनच ती कानाचं काही सांगत नव्हती.

"आणि मी फेकीन कशाला?" तो म्हणाला. "माझा सिनेमा आहे तो."

"झिजलेलं चामडं चित्रात दिसत नाही," ती म्हणाली. "मालकांना कार्डाची भीती असायचं कारण नव्हतं. हाताची खूण काचेत दिसते. सयाजीदादांनी तुम्हाला काचेचं सांगितलं, आणि तुम्ही टोन मागितला."

"आलं डोक्यात," सयाजी हळूच म्हणाला. "आयला. म्याच सांगितलं की."

शिवराज शटरकडे निघाला. गुरुबसप्पा आडवे आले. त्यांच्या अंगात आता राग कमी आणि हुशारी जास्त होती. आपल्या मानेवरची सुरी दुसऱ्याच्या मानेवर जाताना त्यांना दिसत होती.

"कुटं चालला? पोरगी मोजती म्हणली की. मोजू दे. तुमचं खरं निघालं तर मी हवालदारासमोर तुमच्या पाया पडतो. तवर चावी मिळत न्हाय."

"आणि चामड्याचं, अण्णा?" सिद्धेश्वरी म्हणाली. "तेही सांगायचं हवालदाराला."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात माया नव्हती.

"सांगतो," ते म्हणाले. "मोज आधी."

बाहेर मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. शटरवर काठीची थाप पडली, आणि सयाजीने आतूनच ओरडून सांगितलं, साहेब, एक मिनिट थांबा, बोलू नका.

फडकं शिवराजने स्वतः अंथरलं. माईकही त्यानेच ठेवला, डबी शेजारी, वायर गुंडाळून. माईक ठेवून झाल्यावर त्याने तो पुन्हा एकदा सरकवला, दाराकडच्या कडेला, खोक्यावर जितका जाईल तितका. सिद्धेश्वरीने हरकत घेतली नाही. तिने दोन्ही वाटा उघड्या ठेवून मशीन चालू केलं. शेजारचे माग चालूच होते. सगळे जागच्या जागी उभे राहिले. या वेळी डोळे कुणी मिटले नाहीत.

तिने हात वर केला. गुरुबसप्पांनी कडी सरकवली आणि मागचं दार सताड उघडलं. बोळातली झळ आत आली, खडखड आत आली. तिने हात खाली केला. त्यांनी दार लावलं.

तिने मशीन थांबवलं, दोन्ही रेघा पडद्यावर घेतल्या आणि दार उघडण्याआधीचा आवाज उघडल्यानंतरच्या आवाजातून वजा केला. मग तोच हिशोब पुन्हा एकदा केला.

बूमवर वाढ चार डेसिबल. कॉलरच्या माईकवर वाढ पाच. त्या मिनिटात ती सतरा होती.